रिंगण

मागच्या श्रावणात मला वेबरिंग काढायची अवदसा आठवली.

वेबरिंग म्हणजे काय हे आईला समजावून सांगताना मी म्हणालो, "अगं, सात जणांची आपापली संकेतस्थळं. प्रत्येकानं पानाच्या तळाशी 'मागे', 'पुढे' आणि 'कुठेही' अशी तीन बटणं लावायची. 'पुढे' दाबत राहिलं की माणूस फिरून पहिल्या पानावर येतो."

"म्हणजे भिशी."

"भिशीत पैसे असतात गं."

"मग ह्यात काय असतं?"

मी विषय बदलला. वेबरिंगला 'रिंगण' असं भारदस्त नाव दिलं आणि कामाला लागलो.

ही कल्पना काही माझी नव्हे. १९९५ साली अमेरिकेतल्या सेज वाइल नावाच्या मुलानं 'वेबरिंग' सुरू केलं, तेव्हा तो अजून कॉलेजातही गेला नव्हता. पुढे त्यानं ते विकलं. विकत घेणाऱ्या कंपनीला लोकांना पानं बांधायला फुकट जागा देणाऱ्या जिओसिटीजनं घेतलं, जिओसिटीजला याहूनं घेतलं, आणि याहूनं २००० साली त्याचा असा काही पुनर्विकास केला की जुने रहिवासी सामान उचलून निघून गेले. पुढच्या वर्षी याहूनंही हात झटकले. तात्पर्य, रिंगण स्वतःच्या सर्व्हरवर चालवावं, ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो असं सॉफ्टवेअर घ्यावं. ते फुकट मिळतं. परवान्यात 'जसं आहे तसं, कसलीही हमी नाही' असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे जुन्या स्कूटरी विकणारा हेच तोंडी सांगतो.

पहिला प्रयोग पर्ल या संगणकी भाषेतल्या एका जुन्या प्रोग्रॅमवर. फाइल सर्व्हरवरच्या सीजीआय-बिन या प्रोग्रॅमांच्या फोल्डरमध्ये टाकली, परवानग्या ७५५ केल्या, म्हणजे वाचायची-चालवायची मुभा सगळ्यांना, बदलायची फक्त मला. पान उघडलं तर 'त्रुटी ५००'. त्रुटी ५०० म्हणजे सर्व्हर सांगतो, "काहीतरी बिघडलंय, काय ते विचारू नका." तीन रात्री गेल्या. शेवटी कळलं की मी ती फाइल विंडोजवर उघडून जतन केली होती, आणि विंडोजनं प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर चिकटवलं होतं. न दिसणारं! सासुरवाडीच्या आहेरातली चूकसुद्धा निदान दाखवता येते.

मग जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्येच चालणाऱ्या भाषेचा सुटसुटीत मार्ग धरला: एक यादी आणि चार ओळी. यादी शून्यापासून मोजायची, म्हणजे सात जणांचे नंबर शून्य ते सहा, माझा शून्य. सहाव्यानं 'पुढे' दाबलं की सातवा शोधायचा नाही, सातानं भागून बाकी घ्यायची. बाकी शून्य, आला पहिला! चौथीतलं गणित उपयोगी पडल्याच्या आनंदात मी चहा ठेवला. तेवढ्यात रिंगणातल्या किल्लेवाल्याचा, म्हणजे किल्ल्यांवर लिहिणाऱ्याचा फोन. 'मागे' दाबत दाबत तो माझ्या पानावर आला होता आणि तिथून मागे जाता येईना. शून्यातून एक गेला की वजा एक, आणि जावास्क्रिप्टच्या हिशेबात वजा एकाला सातानं भागलं तरी बाकी वजा एकच उरते. आधी सात मिळवायचे आणि मग भागायचं. तेही केलं.

सॉफ्टवेअर इथे संपलं आणि माणसं सुरू झाली.

उपवासाच्या पदार्थांवर लिहिणाऱ्या वहिनींच्या 'पुढे' सुक्या बोंबलांचं पान आलं. तेही श्रावणात. मी क्रम बदलला, तर तिकिटं जमवणारे काका म्हणाले, "मग मी काय बोंबलांशेजारी बसू?" वहिनी तरीही गेल्याच. किल्लेवाल्यानं पानाला नवं रूप दिलं आणि त्यात माझी बटणं उडाली. पेनवाल्याचं डोमेन नूतनीकरणाविना गेलं. सुलेखनाच्या जागी आता रमी खेळतात. पक्षीवाला इन्स्टाग्रामवर उडाला.

यावर उपाय म्हणून मी रात्री प्रत्येकाच्या पानावर जाऊन बटणं आहेत का बघणारी स्क्रिप्ट बसवली. नसतील तर यादीतून नाव कमी. पहिल्याच रात्री काकांचा सर्व्हर बंद होता. सकाळी काकांना आपण रिंगणाबाहेर असल्याचं दिसलं. "बारा वर्षं संकेतस्थळ चालवतोय मी. एक रात्र डोळा लागला तर हाकललंत?" मी नाव परत घातलं, पण त्यांनी बटणं काढून टाकली होती. दुसऱ्या रात्री स्क्रिप्टनं त्यांना नियमानुसार पुन्हा हाकललं.

आता उरलो मी आणि बोंबील. 'पुढे' दाबलं की बोंबील, 'मागे' दाबलं तरी बोंबील. 'कुठेही' दाबलं तर निम्म्या वेळा माझ्याच पानावरून माझ्याच पानावर. गणित मात्र अचूक चालतं.

आईनं परवा विचारलं, "काय रे, चाललंय का तुझं रिंगण?"

"चाललंय की. दोघं आहोत."

"दोघंच? मग फुगडी म्हण."