मुळशीच्या काठाने : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मुळशी जलाशयाच्या काठाने केलेल्या पायपिटीवरील माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभारी आहे. आपले आक्षेप तीन आहेत. शीर्षकात ‘प्रदक्षिणा’ म्हटले असले तरी प्रदक्षिणा झालेलीच नाही. काठाने चालण्यातील धोके सांगितलेले नाहीत. आणि हे पाणी आज पुणेकरच पीत असताना भटकंतीच्या लेखात या धरणाविरुद्धचा शंभर वर्षांपूर्वीचा सत्याग्रह उकरून काढण्याचे काही कारण नव्हते. पहिले दोन मला मान्य आहेत. तिसरा मान्य नाही.

प्रदक्षिणा हा शब्द मी हौसेने वापरला, हे खरे. या जलाशयाचे फाटे डोंगरांच्या घड्यांत इतके खोल शिरले आहेत की समोर हाकेच्या अंतरावर दिसणाऱ्या टोकाशी पोहोचायला बराच मोठा वळसा पडतो. मी चाललो तो फक्त माले, पळसे आणि ताम्हिणीतील विंझाई देवीचे देऊळ या बाजूचा टप्पा. पलीकडचे वडुस्ते आणि त्याच्या माथ्यावरचा कैलासगड मी केवळ या काठावरून पाहिला. धोक्यांबाबतही आपले म्हणणे रास्त आहे. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन वरून सुकलेली आणि भेगाळलेली दिसते, पण आत ओल टिकून असते आणि पाय गुडघ्यापर्यंत रुततो. माझाही रुतला होता. ते लिहायची लाज वाटली, एवढेच. शिवाय काठावरची पुष्कळ जमीन खासगी मालकीची असून तिला कुंपणे आहेत, तेव्हा पाण्यालगत सलग वाट मिळेल असे कोणी गृहीत धरू नये.

आता पाण्याविषयी. पुण्याला पिण्याचे पाणी मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या साखळीतून मिळते. यांपैकी टेमघर मुळशी तालुक्यात आहे आणि बहुधा त्यामुळेच हा घोटाळा होतो. परंतु ते धरण मुठेवर आहे आणि मी ज्याच्या काठाने चाललो ते मुळेवर. मुळा मूळची पूर्ववाहिनी. पुण्यात मुठेला भेटून ती पुढे भीमेत आणि भीमेबरोबर कृष्णेत जाते. धरणाने तिचे पाणी अडवून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवले. सुमारे ५०० मीटर खाली कोकणात भिरा येथे त्यावर वीज तयार होते आणि नंतर ते कुंडलिकेत सोडले जाते. कोलाडला ज्या लाटांवर राफ्टिंग चालते, त्या याच सोडलेल्या पाण्याच्या. बंगालच्या उपसागराकडे निघालेले पाणी रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळावे, हे मला त्या दिवशी दिसलेल्या कोणत्याही दृश्यापेक्षा अधिक विलक्षण वाटते.

ही वीज मुंबईसाठी होती आणि त्यासाठी बुडणारी खाचरे आंबेमोहराची होती. १९२१ साली रामनवमीच्या दिवशी मावळे, म्हणजे या खोऱ्यातले शेतकरी, धरणाच्या कामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे बिरुद याच लढ्यात मिळाले आणि १९२४ मध्ये धरणाच्या कामाची रेल्वे अडवल्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. लढा हरला. अनेकांच्या जमिनी आधीच सावकारांच्या कागदांत अडकलेल्या असल्यामुळे मोबदल्याचा पैसाही कसणाऱ्याच्या हाती पुरता पडला नाही, ही त्यातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट आहे.

आपण विचारता, चालणाऱ्याला याचे काय? मे महिन्यात पळश्याच्या अलीकडे पाणी हटले होते, तेव्हा उतारावर दगडांच्या आडव्या रांगा एकीखाली एक अशा पाण्यात उतरत गेलेल्या मला दिसल्या. प्रथम त्या पायऱ्याच वाटल्या. जवळच गुरे चारणाऱ्या आजोबांनी ‘बांध हायेत ते, भाताचे’ असे सांगितले आणि पुन्हा गुरांकडे वळले. त्या रांगांचे नुसते छायाचित्र देऊन मी ‘काठावरची सुंदर दगडी रचना’ असे खाली लिहिले असते, तर ते आपल्याला खटकले नसते. पण ते खोटे झाले असते. सत्याग्रहाचा परिच्छेद त्या बांधांपाशी आला तो यासाठी. तो लांबला, ही तक्रार मात्र मी ऐकून घेतो. लेखातील तारखांची जंत्री निम्म्याने कमी करता आली असती.

शीर्षकातील ‘प्रदक्षिणा’ आज काढून तेथे ‘दक्षिण काठाने’ असे केले आहे आणि गाळाविषयीची सूचना लेखाच्या सुरुवातीलाच घातली आहे. वडुस्त्याकडची बाजू दिवाळीनंतर चालण्याचा विचार आहे. आपण त्या बाजूने गेला असाल, तर कैलासगडाखालून काठाकडे उतरणारी वाट अजून वापरात आहे का, ते अवश्य कळवावे.