मातीचा चेहरा कितपत खरा? आप्पांच्या प्रतिक्रियेला उत्तर

आप्पा, राम राम. तुमचा आक्षेप असा: अनोळखी मृताची ओळख पटवायला कवटीवर माती थापून काढलेला चेहरा म्हणजे अंदाजपंचे, तो कोर्टातही चालणार नाही, आणि डीएनए असताना ही उठाठेव कशाला?

आधी डीएनए. तापीच्या गाळात सापडलेल्या सांगाड्याच्या दाढेतून किंवा मांडीच्या हाडातून तो निघेलही, पण जुळवायचा कोणाशी? आई-बाप किंवा मुलं पुढे आली तरच ना! भुसावळ जंक्शनजवळ सापडलेला माणूस यावलचा असेल, नाहीतर थेट बिहारचा. त्याच्या घरच्यांना ठाण्यापर्यंत आणायचं, एवढंच या चेहऱ्याचं काम. कोर्टात तो चालणार नाही, हे तुमचं म्हणणं कबूल.

आता अंदाजाचं. मूळ कवटी मुद्देमाल असते, म्हणून तिचा साचा घेऊन प्रतिकृतीवर काम केलेलं बरं. जबडा बसवताना सांध्यात 2-3 मि.मी. फट ठेवतात, कूर्चेची ती जागा विसरली तर चेहरा आखूड होतो. मग त्या त्या जागी कातडी-मांसाची जाडी किती, हे दाखवायला 20 ते 35 ठिकाणी तेवढ्या उंचीच्या खोडरबराच्या कांड्या चिकटवतात: कपाळावर जेमतेम 4-5 मि.मी., दाढांजवळ गालावर त्याच्या तिप्पट-चौपट. ही मापं वय, लिंग आणि लोकसमूहाप्रमाणे बदलतात. परदेशी तक्ता आपल्याकडच्या कवटीला जसाच्या तसा लावला की गडबड झालीच. नाकाच्या हाडातलं भोक 24 मि.मी. रुंद असेल तर नाक साधारण 40 मि.मी. धरतात, कारण भोक नाकपुड्यांच्या रुंदीच्या सुमारे तीन-पंचमांश असतं. डोळ्याचा गोळा 24-25 मि.मी. व्यासाचा.

शाडू मात्र नको. वाळताना आकसते, तडकते, मापं सगळी वाया. तेलमिश्रित माती वाळत नाही (पण जळगावच्या मे महिन्यात पत्र्याखाली तीही मऊ पडते, तेव्हा भल्या सकाळी काम उरकावं).

कानाची पाळी, केस, अंगाचा भरणा हाडावरून कळत नाही. तिथे तुमचं ‘अंदाजपंचे’ लागू पडतं. म्हणून पट्ट्याचं कोणतं भोक झिजलंय ते बघून कमरेचा घेर काढतात, त्यावरून गाल भरतात. तरी काही शिल्पकारांना सुरकुत्या-मिशा कोरायचा मोह आवरत नाही. मग बायको फोटो बघून म्हणते, ‘आमच्या ह्यांना मिशा नव्हत्या,’ आणि पान उलटते.

पत्रकावर त्याच चेहऱ्याची दोन चित्रं द्यावीत, मिशीसह आणि मिशीविना. खाली उंची, अंगावरचे दागिने, शर्टाच्या कॉलरवरचं शिंप्याचं लेबल. आणि मजकूर मराठीसोबत हिंदीतही, कारण ते खंडव्याच्या फलाटावरही लागायला हवं.