टाळी चालते, मग जांभई का नाही?

‘एक जुना रसिक’ यांस,

स. न. वि. वि.

‘संगीत सौभद्र’ या जुन्या संगीत नाटकाच्या प्रयोगावर मी जे लिहिलं, त्यावरची आपली प्रतिक्रिया काल रात्री वाचली. उत्तर मुद्दाम सकाळी लिहितोय. रात्री लिहिलेलं आपल्याला झेपलं नसतं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका हौशी संस्थेच्या प्रयोगात ‘नच सुंदरी करू कोपा’ हे पद सुरू झालं. रुक्मिणी रुसलीय आणि कृष्ण तिची समजूत काढतोय. आमचे कृष्ण पहिली ओळ तिच्याकडे बघून गायले, दुसऱ्या ओळीला प्रेक्षकांकडे वळले आणि मग तबलजीकडे जे वळले ते तिथेच रमले. रुक्मिणी बिचारी पाठ फिरवून बसलेली. ताना काही संपेनात, तेव्हा तिने हळूच बांगड्या सारख्या केल्या, मग पदर सारखा केला, मग पुन्हा बांगड्या. मी लिहिलं की कृष्णाने त्या दिवशी समजूत काढली ती तबलजीची. पद निम्म्यात आवरलं असतं तर बाई रुसलेल्या दिसल्या असत्या, नुसत्या अवघडलेल्या दिसल्या. यात कुणाच्या घराण्याचा अपमान झाला ते मला अजून कळलेलं नाही.

त्यावर आपण लिहिता: “बाळा, ज्याला सा आणि रे मधला फरक कळत नाही त्याने संगीत नाटकावर लिहिण्याचा आगाऊपणा करू नये. आधी कान तयार कर, मग लेखणी उचल!!!”

‘बाळा’ला माझी हरकत आहे. डोक्यावर जे काही केस उरलेत ते पांढरे झालेत, आणि मला अरे-तुरे करणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिलीत. त्यांची नावं मला माहीत आहेत. आपलं नाव मात्र ‘एक जुना रसिक’. टोपणनावाच्या आडून कान उपटायचे आणि वर वडीलकीचा आव आणायचा, हे बरं दिसत नाही. तीन उद्गारचिन्हांचं तर काय सांगावं. एकात भागलं असतं. विस्ताराची सवय गाण्यातून लिहिण्यात उतरली असावी.

आता माझ्या कानांविषयी. आमच्या घरी पायपेटी होती. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात देवळाच्या उत्सवात दरवर्षी नाटक व्हायचं. पडदे भाड्याने आणायचे, चाकरमानी मुंबईहून रजा काढून यायचे, आणि पेटीवर आमचे अण्णा. तिच्या भात्याला उंदरांनी भोक पाडलं होतं, तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला. पाय जोरात मारला की सुराच्या आधी ‘फुस्स’ यायचं. मी अण्णांच्या शेजारी पदांची वही धरून बसायचो. कुठल्या पदाला वन्समोअर येणार, कुठे पान उलटायचं नाही, हे मला शाळेतल्या पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. हे मला सूर कळतो हे सिद्ध करायला सांगत नाहीये. कळतो, ती गोष्ट वेगळी.

सांगायचं आहे ते त्या मांडवातल्या माणसांबद्दल. चटईवर बसलेल्या त्या बायाबापड्यांना देसकार राग कुठला आणि भूप कुठला हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती, कारण उत्तर आलं असतं, “तुम्ही गा, आम्ही ऐकतो.” एका वर्षी हेच सौभद्र होतं, हेच पद होतं आणि कृष्ण असाच सुटला होता. पुढच्या रांगेतून एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “अगो, बोल की आता त्याच्याशी!” मांडव हसला. अण्णांनी मान वर न करता तबलजीला खूण केली, तिहाई, म्हणजे तोच तुकडा तीनदा वाजवून केलेला शेवट, आली आणि पद मिटलं. म्हातारीला ‘आगाऊ’ कुणी म्हटलं नाही. नंतर चहा प्यायला तिलाच आधी बोलावलं.

तुम्ही स्वतःला जुने रसिक म्हणवता म्हणून विचारतो: हे संगीत नाटक उभं कुणाच्या जोरावर राहिलं? ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ उभं केलं, १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आणलं. चाली कुठल्या घेतल्या? साक्या, दिंड्या, कामदा या जुन्या पद्यप्रकारांच्या, कीर्तनातल्या, लावणीच्या. ज्या लोकांच्या ओठांवर आधीच होत्या त्या. पुढे १९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, तेव्हा रागदारी नाटकाच्या तिकिटावर घराघरात शिरली. ‘नाथ हा माझा’ गुणगुणणाऱ्या किती जणांना तो यमन आहे हे माहीत होतं? ‘मम आत्मा गमला’ला वन्समोअर देताना बिहागावर कुणाची तोंडी परीक्षा घेतली होती का? बालगंधर्वांनी वन्समोअर घेतले ते असल्याच माणसांचे घेतले. पिटातल्या, स्वस्त तिकिटाच्या माणसाला स्वरज्ञान नाही म्हणून त्याची टाळी परत केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मग साहेब, अडाण्याची टाळी चालते आणि त्याच अडाण्याची जांभई चालत नाही, हा कुठला न्याय? ‘वा’ म्हणायला कान तयार असावे लागत नाहीत आणि ‘पुरे’ म्हणायला लागतात? माझा लेख त्या प्रयोगाची वाहवा करणारा असता तर तुम्ही माझ्या सा आणि रे ची चौकशी केली असती का? खरं सांगा. तिकीट खिडकीवर तर मला कुणी काही विचारलं नाही.

कात्री लावणं हा मी काढलेला शोध असल्यासारखा तुमचा सूर आहे. मूळ सौभद्रात शंभरावर पदं आहेत. तुम्ही ज्यांचे प्रयोग पाहून जुने झालात त्यांनी ती सगळी म्हटली होती का? पदं गाळूनच हे नाटक आपल्यापर्यंत आलं. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेच्या मंडळींनी ‘आंधळ्यांची शाळा’ केलं, तेव्हा मोजकी पदं ठेवली आणि चाली केशवराव भोळ्यांसारख्या जाणकाराकडून घेतल्या. १९६४ ला ‘मत्स्यगंधा’ आलं. त्याला चाली देणाऱ्या जितेंद्र अभिषेकीबुवांना गाणं फुलवता येत नव्हतं असं म्हणण्याइतके आपण दोघेही खुळे नाही. तरी ‘गुंतता हृदय हे’ आटोपशीरच आहे, आणि आज पन्नास-साठ वर्षांनी लोक ते म्हणतात.

तुमचं एक म्हणणं बरोबर आहे. माइक खराब होते, आणि वरच्या पट्टीत आवाज फाटत होता तो दोष गाणाऱ्याचा नव्हता. मान्य. लेखात तशी ओळ घालतो.

राहता राहिले बाकीचे मुद्दे. आजच्या पिढीला धीर नाही, हे मी आजोबांकडून अण्णांबद्दल ऐकलंय. ‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकावरच्या सिनेमाचं मी कौतुक केलं म्हणून माझी अभिरुची कळली, असं तुम्ही लिहिता, कळली असेल तर उत्तमच. “संगीत नाटकात पदाचा विस्तार हाच अभिनय असतो, कृष्णाच्या विनवण्या वाढत जातात त्या तानांमधूनच” असंही तुम्ही मध्येच एका ओळीत म्हटलंय. त्यावर बोलता येईल, पण तो विषय मोठा आहे, आणि त्या दिवशीच्या ताना रुक्मिणीच्या दिशेने जात नव्हत्या एवढं सांगून थांबतो.

“माझ्या शेजारी बसून एकदा खरं सौभद्र ऐका, म्हणजे डोळे उघडतील” या वाक्यात आमंत्रण किती आणि टोमणा किती ते मला ठरवता आलं नाही. मी आमंत्रण धरून चालतो. चांगला संच असेल तर तारीख कळवा, पुणे, सांगली, गोवा कुठेही येईन. फोंड्याकडे एखाद्या देवळात पहाटेपर्यंत चालणारा प्रयोग असेल तर फारच छान. ‘प्रिये पहा रात्रीचा समय सरुनि येत उषःकाल हा’ खऱ्याखुऱ्या पहाटे ऐकायची माझी फार दिवसांची इच्छा आहे. तिकीट असेल तर दोन्ही मी काढतो. मला फक्त कडेची खुर्ची लागते.