जर्सी पेठेची, पोरं भाड्याची

गेल्या रविवारी रात्रपाळी संपवून बसमध्ये बसलो, फोन उघडला, तर तालमीच्या ग्रुपवर एकशे चाळीस मेसेज. मला वाटलं, कुणीतरी गेलं. तसं काही नव्हतं. यंदाच्या मोसमासाठी तालमीने एक नायजेरियन, एक घानाचा आणि एक गोव्याचा गोलकीपर आणायचं ठरवलंय. त्यावर आमच्या जुन्या सेंटर हाफने, जो आता खजिनदार आहे, लिहिलं होतं: "जर्सी पेठंची, पोरं भाड्याची. असली टीम जिंकली काय आन् हरली काय." खाली पंचवीस अंगठे.

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी एवढंच सांगतो की आमच्याकडे फुटबॉल क्लबांचा नसतो, तालमींचा असतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं पेठांशी बांधलेली. जिथे आजोबांनी जोर काढले, तिथेच नातू शिनगार्ड बांधतो. शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठेतली दुकानं अर्ध्या शटरवर. गेली काही वर्षं मोठ्या तालमी आफ्रिकेतले खेळाडू आणतात, आणि दर मोसमाला हे भांडण नव्याने होतं. आमची तालीम कुठली ते लिहीत नाही. लिहिलं तर आईला भाजी आणायला जाताना ऐकून घ्यावं लागेल.

मी माल्टातल्या ग्झीरा गावात राहतो. माल्टा अख्खा देश धरला तरी २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या ५,१९,५६२ भरली. आपलं कोल्हापूर शहर २०११ लाच साडेपाच लाखांच्या घरात होतं. म्हणजे हा देश आपल्या महापालिकेत मावतो, आणि तरी यांचा फुटबॉल संघ १९७१ मध्ये घरच्या मैदानावर इंग्लंडशी खेळला आणि एकच गोल खाल्ला. ती मॅच झाली ते एम्पायर स्टेडियम माझ्या खोलीपासून चालत सात मिनिटांवर. १९२२ ते १९८१ देशाचा फुटबॉल तिथे चालला, आणि मैदानावर गवत नव्हतं. नुसती कडक माती-रेती. पुढे सगळं ताअ-अलीच्या नव्या स्टेडियमच्या गवतावर गेलं आणि एम्पायरला कुलूप लागलं.

मी वृद्धाश्रमात नर्स आहे. तिथल्या एका आजोबांच्या उजव्या गुडघ्याखाली रुपयाएवढा, गुळगुळीत, जरा निळसर डाग आहे. पहिल्यांदा पाय पुसताना मी विचारलं, भाजलं होतं का? म्हणाले, एम्पायर. तरुणपणी तिथे घसरले, खडी आत राहिली, ती अजून आतच आहे. दाबलं तर लागते. मला माझं कोपर आठवलं. गांधी मैदानावरची खडी आमच्यापैकी निम्म्यांच्या अंगात असेल.

तर ग्झीरा युनायटेड. १९४७ चा क्लब, मरून रंग. १९७३ मध्ये त्यांनी माल्टाचा कप जिंकला आणि पुढच्या मोसमात नॉर्वेच्या ब्रानने त्यांना युरोपात व्यवस्थित धुतलं. मग बराच काळ खालचे विभाग. आपल्याकडे एखादी तालीम बी डिव्हिजनला गेली की जी कळा येते तीच. २०१६ ला वर आले आणि तीनच वर्षांनी युरोपा लीगच्या पात्रता फेरीत क्रोएशियाचा हायदुक स्प्लिट समोर. घरची मॅच ०-२ हरले. परतीच्या मॅचमध्ये, स्प्लिटमध्ये, आधी गोल खाल्ला आणि मग तीन मारले, त्यातला तिसरा भरपाईच्या वेळेत. दोन्ही मिळून ३-३, पण तेव्हा नियम होता की बरोबरी झाली तर परक्या मैदानावर जास्त गोल मारणारा पुढे, त्यामुळे हायदुक घरी. पुढच्या फेरीत लॅटव्हियाच्या व्हेंट्सपिल्सने यांनाही घरी पाठवलं, पण ते कुणी सांगत नाही. कझीनमधला, म्हणजे इथल्या गावच्या मंडळाच्या अड्ड्यावरचा बारवाला मला तो तिसरा गोल फोनवर चार वेळा दाखवून बसलाय, आणि दर वेळी बॉल जाळीत जाताना त्याचं बूड स्टुलावरून दोन इंच उठतं. त्या संघात कितीजण ग्झीरात जन्मले, हे मी विचारलं. "मेला!" म्हणाला. (हा शब्द इथे दिवसातून शंभरदा ऐकू येतो, अर्थ 'मग काय तर' असा काहीतरी. पहिले दोन महिने मी दचकत होतो.) मग म्हणाला, गोल करणाऱ्याला जन्मदाखला कोण मागतो?

हे वाक्य मी तस्संच मराठीत करून ग्रुपवर टाकलं. तीन अंगठे आले. त्यातला एक माझ्या मेहुण्याचा.

म्हणून मी इतिहासात शिरलो. इथल्या क्लबांची नावंच बघा. पाओला गावचा हायबर्नियन्स, म्हणजे आयरिश. रबातचा क्लब आयाक्स, थेट हॉलंडवरून उचललेला. पिएताचा हॉटस्पर्स, इंग्लंडच्या टॉटनहॅम हॉटस्परसारखा. फ्लोरियानाची हिरवी-पांढरी जर्सी तर रॉयल डब्लिन फ्युजिलियर्स या ब्रिटिश पलटणीतल्या आयरिश शिपायांकडून मॅचनंतर अदलाबदलीत मिळाली, आणि अजून त्यांना 'आयरिशांचे' म्हणतात. फुटबॉलच इथे गोऱ्या पलटणी आणि आरमाराबरोबर आला. म्हणजे ज्या रंगासाठी इथले लोक चर्चच्या पायऱ्यांवर हमरीतुमरीवर येतात, तो रंग परक्या शिपायाच्या घामाचा. आपल्या गल्लीतला फुटबॉल तरी कुठे पन्हाळ्यावर उगवला होता? गोऱ्यांचाच खेळ, फक्त आपण तो लाल मातीत आणला. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून उतरला तेव्हा आपण कॉलर ताठ करून फिरलो. नंतर तो जमशेदपूरकडून खेळला. जमशेदपूरच्या कुणी 'भाड्याचा' म्हटलं असतं तर आपण काय केलं असतं, ते सांगायला नको.

असं बरंच लिहिलं मी. काय लिहिलं नाही, तेही सांगतो. इथेही एका वेळी किती परदेशी मैदानात असावेत यावरून वर्षानुवर्षं भांडणं आहेत आणि नियम बदलत आलेत. इथेही म्हातारी माणसं म्हणतात की आमची पोरं बाकावर बसतात. क्लबचा पैसा कुठल्या बिल्डरकडून येतो यावर कझीनमध्ये आवाज खाली जातो. आणि ग्झीराच्या मॅचला जेमतेम काही शे माणसं असतात, शाहू स्टेडियमच्या एका कोपऱ्याएवढी. या गोष्टी माझ्या मुद्द्याला सोयीच्या नव्हत्या.

त्या आजोबांचंच घ्या. एका सकाळी मी त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधत होतो आणि ते खिडकीतून रस्त्याकडे बघत म्हणाले, सगळीकडे बर्रानिन झालेत, बाहेरचेच बाहेरचे. त्याच जनगणनेत परदेशी १,१५,४४९ निघाले, म्हणजे पाचांत एकाहून जास्त. इटालियन आणि ब्रिटिशांच्या खालोखाल आपण भारतीय. आजोबांचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. मी नाडीची गाठ मारून वर बघितलं. त्यांना कळलं. म्हणाले, "तू बर्रानी नाहीस. तू नर्स आहेस."

एवढी प्रामाणिक व्याख्या मला परमिटच्या कुठल्याही कागदावर मिळालेली नाही.

आता जे मी ग्रुपवर कधीच लिहिणार नाही. अकरावीत असताना शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आम्ही पंधरा-वीस पोरं, समोरच्या संघात एक नायजेरियन. आम्ही माकडाचे आवाज काढले. आम्ही म्हणजे मीही. थ्रो घ्यायला तो आमच्या बाजूला आला, बॉल डोक्यामागे नेला आणि टाकण्याआधी एकदा वर बघितलं. चिडला नव्हता. मोजल्यासारखं बघितलं, किती आहेत ते. इथे मला कुणी तसं केलेलं नाही. गर्दीच्या बसमध्ये कधीकधी माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहते, एवढंच. पण मीही आता नव्या जागी शिरताना मोजतो.

म्हणजे परदेशी खेळाडूंची बाजू मी उदारमनाने घेतोय असं समजू नका. स्वतःचीच वकिली आहे ती. आणि तीही पुरती खरी नाही, कारण गेल्या वर्षी ग्रुपवर संघाचा फोटो आला तेव्हा अकरा चेहऱ्यांत मला चारच ओळखू आले आणि पोटात कालवलं. बाकी सात कोण? कुणाची पोरं? मी नसताना पेठ बदललीच कशी? ग्झीरात मी मरून स्कार्फ गुंडाळून सगळ्यात मागे उभा राहतो, ओरडायचं तेव्हा ओरडतो, पण हरल्यावर जेवण जातं. पेठ हरली की जात नाही. सहा हजार किलोमीटरवरून मला ती होती तशीच हवी आहे, बदल सगळा इथे व्हावा.

एकशे चाळिसावा मेसेज खजिनदाराचाच होता. त्यात क्यूआर कोड. "परदेशातल्या भावांनी निदान दहा हजार तरी टाकावेत. स्ट्रायकरचं तिकीट काढायचं हाय."

मी बसमधूनच घरी फोन लावला, भावाला पैसे भरायला सांगितले. संध्याकाळी खजिनदाराचा मेसेज आला, पावतीवर पत्ता कुठला टाकू? माल्टाचा टाकतो, म्हणजे अहवालात जरा बरं दिसंल.

मी लिहिलं, घरचा टाक.