'सिन्सिअर' शब्दात मेण नाही

वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत आलेली एक गोष्ट आहे. प्राचीन रोममधले लबाड शिल्पकार संगमरवरातल्या भेगा मेणाने बुजवून मूर्ती खपवायचे. ऊन लागलं की मेण वितळायचं आणि बिंग फुटायचं. मग प्रामाणिक शिल्पकार आपल्या मूर्तींवर 'सिने सेरा', म्हणजे 'मेणाविना', असं लिहू लागले आणि त्यातून 'सिन्सिअर' हे इंग्रजी विशेषण आलं. म्हणून सिन्सिअर माणूस म्हणजे निर्दोष माणूस, आणि म्हणूनच पत्राखाली 'युअर्स सिन्सिअरली' लिहितात.

लॅटिनमध्ये 'सिने' म्हणजे विना आणि 'सेरा' म्हणजे मेण, एवढं बरोबर आहे. पुढचं नाही.

आधी ते लबाड शिल्पकार. मूर्तीला मेण लावणं ही रोममध्ये लपवाछपवी नव्हतीच. इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हियस याने हिंगुळी रंगाच्या भिंतीवर तेल मिसळलेलं मेण कसं चढवायचं, निखाऱ्यांची धग देऊन ते कसं मुरवायचं आणि शेवटी स्वच्छ कापडाने कसं घासायचं याची कृती दिली आहे. ती देताना तो सहज सांगून जातो, की संगमरवराच्या विवस्त्र मूर्तींनाही असंच करतात. म्हणजे मेण हा मूर्तीवर फिरणारा शेवटचा हात होता. तिथे 'मेणाविना' असं कोरणं म्हणजे 'काम अर्धवट सोडलं आहे' अशी स्वतःच जाहिरात करणं! शिवाय मूर्ती रंगवण्याचीही पद्धत होती, पण 'रंगाविना' असा शब्द कुणाला सुचलेला दिसत नाही.

उन्हाचा पुरावा तर आणखी कच्चा. मधमाशांचं मेण वितळायला साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सियस लागतात. त्याआधी ते मऊ पडतं हे खरं, पण पांढरा दगड उन्हात इतका तापून मेणाचे ओघळ वाहू लागणं अवघडच.

आता काळ. याच गोष्टीच्या दुसऱ्या आवृत्तीत शिल्पकार रोमचे नसून प्रबोधनकाळातल्या स्पेनचे असतात. डॅन ब्राऊनच्या १९९८ सालच्या 'डिजिटल फोर्ट्रेस' कादंबरीत हीच आवृत्ती आहे आणि गोष्ट पसरायला तिचा हातभार लागला असणार. पण रोमन नाटककार टेरेन्सच्या 'युनुकस' या इसवी सनपूर्व १६१ मधल्या नाटकात प्रियकर प्रेयसीला म्हणतो, की हे तू मनापासून बोलते आहेस असं मला वाटलं, तर मी काहीही सोसेन. त्या 'मनापासून'साठी मूळ संहितेत 'सिंकेरे' हा शब्द आहे (रोमन लोक तिथे 'स' नव्हे, 'क' उच्चारत). स्पेनमधला तो प्रबोधनकाळ यायला तेव्हा दीड हजारांहून अधिक वर्षं होती.

मेणाशी सांगड घालणारं एक जुनं वचन मात्र खरंच सापडतं. चौथ्या शतकातला वैयाकरण डोनाटस याच ओळीवरच्या टीकेत लिहितो, की हा शब्द म्हणजे शुद्ध, भेसळ नसलेलं, जसं मेणाविना मध. त्यात मध आहे, पोळं आहे. शिल्पकार नाही की संगमरवर नाही. आणि डोनाटस टेरेन्सनंतर जवळपास पाचशे वर्षांनी झाला, तेव्हा शब्दाच्या जन्माचा साक्षीदार तोही नव्हे.

व्याकरणही गोष्टीच्या बाजूने नाही. 'सेक्युअर' या शब्दाच्या पोटात 'चिंतेविना' असा अर्थ खरोखरच आहे, पण तो 'से' या जुन्या उपसर्गामुळे. 'सिने'ला नाम चिकटवून विशेषण बनवण्याची लॅटिनची रीत नव्हती.

मग हा शब्द आला कुठून? भाषाशास्त्रज्ञांना सर्वात पटणारा तर्क असा: पहिल्या भागात 'एक' या अर्थाचा धातू, दुसऱ्यात 'वाढणे' या अर्थाचा. एकाच वाढीचं, म्हणजे मिसळ नसलेलं. 'सिंपल' आणि 'सिंगल' याच पहिल्या धातूचे. आपल्या 'सकृद्दर्शनी'तला 'सकृत्' म्हणजे 'एकदा', आणि त्यातला 'स' त्याच घराण्यातला आहे. मला तर हे नातं मेणाच्या कहाणीपेक्षा कितीतरी रंजक वाटतं, पण त्याला तात्पर्य नाही, म्हणून ते फॉरवर्ड होत नाही.

सोळाव्या शतकात शब्द इंग्रजीत आला तोही माणसांपुरता नव्हता. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये 'सिन्सिअर मिल्क' आहे, म्हणजे निर्भेळ दूध. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशातही 'अभंग' आणि 'निर्भेळ' हे अर्थ 'प्रामाणिक'च्या आधी येतात. वस्तूंना लागणारा अर्थ पुढे मागे पडला आणि भावना व बोलणं यांच्यापुरता शब्द उरला.

म्हणूनच 'सिन्सिअर म्हणजे निर्दोष' हेही चूक. आतलं आणि बाहेरचं एक असलं की झालं. पृथ्वी सपाट आहे असं मनापासून मानणारा माणूस पूर्ण सिन्सिअर असू शकतो आणि पूर्ण चुकीचाही. हिशेब चोख ठेवणाऱ्याला इंग्रजीत 'ऑनेस्ट' म्हणतील. 'सिन्सिअर' लागतं ते माफीला, कौतुकाला, सांत्वनाला.

राहिलं 'युअर्स सिन्सिअरली'. ब्रिटिश रिवाजात सुरुवातीला व्यक्तीचं नाव घेतलं असेल तर हे, आणि नुसतं 'डिअर सर' असेल तर 'युअर्स फेथफुली'. मेणाचा इथेही संबंध नाही. उलट रोमन लोक पत्रं बऱ्याचदा मेण थापलेल्या लाकडी पाट्यांवरच लिहीत.