होडीचा दिवा सिलिकॉनने लिंपला की पाणी थांबतं?

उजनीच्या बॅकवॉटरला होड्या चालवणाऱ्यांच्या मोबाइलवर एक सल्ला फिरतोय: होडीची डावी-उजवी बाजू दाखवणाऱ्या लाल-हिरव्या दिव्याच्या सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवा, आयपी ६७ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) छापलेलाच दिवा घ्या, भोक कधी पाडू नका, आत दव दिसलं तर उन्हात ठेवा. यातली पहिलीच गोष्ट दिवा लवकर घालवते.

पाणी दिव्यात आपोआप शिरतं असं नाही, बऱ्याचदा दिवाच ते ओढून घेतो. मे महिन्यातलं आपलं सोलापुरी ऊन आठवा. आतली हवा ६० अंशांपर्यंत तापून फुगते, थोडी वायसरमधून बाहेर जाते. तेवढ्यात वळवाची सर येते. हवा २५ अंशांवर उतरली की सुमारे दहाव्या हिश्शाने आक्रसते आणि कडेला साचलेलं पाणी आत खेचते. लिंपणात सुईएवढी फट राहिली तरी पुरे. आत आलेल्या पाण्याची बाहेरची वाट मात्र तुम्ही बुजवून बसलेले असता. त्यात व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन असेल तर त्यातलं आम्ल तांब्याच्या तारा हिरव्या करतं. लावायचंच तर न्यूट्रल प्रकारचं, म्हणजे असं आम्ल न सोडणारं लावा.

वायरीबद्दल या सल्ल्यात चकार शब्द नाही, याचं मला फार वाईट वाटतं. बारीक तारांच्या वायरीतून पाणी वातीसारखं चढतं. वरून ओघळतं ते वेगळंच. ओघळणाऱ्या पाण्यासाठी दिव्यात शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळेल. आतून चढणारं पाणी अडवायला जोडावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी (तापवली की आवळून बसणारी) चढवा.

आयपी ६७ म्हणजे नवा दिवा १ मीटर स्थिर पाण्यात ३० मिनिटं टिकला. पाइपच्या जोरदार फवाऱ्याची हमी त्यात नाही, चार उन्हाळ्यांनी कडक झालेल्या रबराचीही नाही.

भोकाचं म्हणाल, तर कारखान्यातून सीलबंद आलेल्या एलईडी दिव्याला खरंच हात लावू नका. पण बल्ब बदलता येणाऱ्या, उघडणाऱ्या दिव्याला बसवल्यावर जो भाग सगळ्यात खाली येतो, तिथे आत आलेलं पाणी गळून जायला ३ मिलिमीटरचं भोक हवंच.

उन्हात ठेवून पाणी उडतं, क्षार बल्बच्या होल्डरवर आणि काचेवर राहतात. समुद्रावर टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे १२ मीटरपेक्षा लहान बोटीचा बाजूचा दिवा १ सागरी मैलावरून दिसायला हवा. धुरकट काचेतून समोरच्याला तुमची डावी-उजवी बाजू कळायची कशी? दिवा उघडा, होल्डर घासा, पूर्ण वाळवा, डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहू देणारं, ओल अडवणारं) लावा आणि नवी रबरी रिंग टाकूनच बंद करा.