‘शुद्ध अपमान’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. खाली दोन ओळी लिहून मोकळं होता आलं असतं पण मला ते जमेना, म्हणून हे वेगळं लिहितेय. ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: भारतात बीडीएस झालेल्या डेंटिस्टला अमेरिकेत प्रॅक्टिस करायची असेल तर बहुतेक ठिकाणी तिथल्या डेंटल स्कूलमध्ये परत दोन ते अडीच वर्षं शिकावं लागतं, मी ते शिकलेय, आणि ती वर्षं वाया गेली असं मला वाटत नाही. एवढंच मी लिहिलं होतं. त्यावर ‘एक खान्देशी डेंटिस्ट’ अशा नावाने हे आलं:

“ताई, लेख वाचला. अमेरिकेचे इतके गोडवे गाऊ नका. पाच वर्षं बीडीएस करून, इथे रोज पेशंट पाहून, परत पोरांसोबत प्लास्टिकचे दात घासायला बसवणं हा शुद्ध अपमान आहे. ब्रिटन, कॅनडा परीक्षा घेऊन मोकळे होतात, अमेरिकेला फक्त फी पाहिजे. तुमचं वाचून माझ्या क्लिनिकमधल्या ज्युनियर पोरीच्या डोक्यात खूळ शिरलंय. नवऱ्याच्या जिवावर शिकलेल्यांना आमचं दुखणं कळायचं नाही.”

आधी शेवटच्या वाक्याचं बघू, कारण ते वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. ‘ताई’ म्हणून सुरुवात करायची आणि चार वाक्यांनंतर ताईच्या संसारात हात घालायचा, ही कुठली पद्धत? आमच्या चोपडा गावात तरी असं बोलत नाहीत. आणि तुम्हाला माझ्याबद्दल काय माहिती आहे भाऊ? मी लग्न होऊन एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे बायकोला मिळतो त्या व्हिसावर गेले, त्या व्हिसावर मला एक रुपया कमवायची मुभा नव्हती, हे खरं. पण फी नवऱ्याने भरली नाही. चोपड्याचं राहतं घर माझ्या वडिलांनी बँकेत तारण ठेवलं, तेव्हा शैक्षणिक कर्ज मिळालं, आणि त्याचे हप्ते मी माझ्या पगारातून फेडतेय, अजूनही. आरोग्य विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या मार्कांचा अधिकृत कागद, काढायला माझे वडील एसटीने नाशिकला हेलपाटे मारायचे, मी तिकडून फोन करून विचारायचे की पाकीट सीलबंद मिळालं का, शिक्का नीट आलाय का, कारण अर्जासोबत मार्कांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला ते विद्यापीठाकडूनच गेलेलं लागतं. तो माणूस आयुष्यभर केळीच्या बागेत राबलाय. तुम्ही ‘नवऱ्याच्या जिवावर’ लिहिलंत ना, ते खरं त्यांना लागलं. मी त्यांना वाचून दाखवलं नाही, त्यांनी स्वतः फोनवर वाचलं.

असो. आता ‘शुद्ध अपमान’.

हा शब्द मला आमच्या फिल्डच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर आठवड्याला दिसतो, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते. तुमच्या बोलण्यात असं गृहीत धरलंय की हा नियम आपल्याला, म्हणजे भारतातल्या लोकांना, खाली दाखवायला केलाय. तसं नाही हो. तिथे डेंटल कॉलेजांना मान्यता देणारी कोडा नावाची संस्था आहे, आणि परवाना हवा तर तिच्या मान्यतेच्या कॉलेजातून शिकलेला माणूस, हा बहुतेक राज्यांचा मूळ हिशेब आहे. काही राज्यांत वेगळे रस्ते आहेत, पण सरसकट नियम हाच. कॅनडाशी त्यांचा आपसात करार आहे म्हणून तिथल्या कॉलेजांना चालतं. बाकी लंडनचा असो, जर्मनीचा असो नाहीतर जळगावचा, सगळे एकाच रांगेत. आणि आपण काय करतो? परदेशात दंतवैद्यक शिकून आलेल्या आपल्याच पोरांना आपण स्क्रीनिंग टेस्ट द्यायला लावतो, ती पास झाल्याशिवाय इथे नोंदणी नाही. त्याला कुणी अपमान म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही, उलट बरंच आहे, पेशंट सुरक्षित राहतो, असंच सगळे म्हणतात. मग दुसऱ्याने तेच केलं की आपल्याला लगेच झोंबतं का?

आणि मला हेही सांगायचंय की ‘रोज पेशंट पाहून’ म्हणजे सगळं येतंच असं नसतं. मी बीडीएसनंतर अमळनेरला एका क्लिनिकमध्ये काम करायचे. बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसायची. आजीबाई खुर्चीत बसायच्या आधीच सांगायची, “दात दुखी राहिना, काढी टाक.” काढायचा, गोळ्या लिहायच्या, पुढचा पेशंट. हात तयार होतो, वेग येतो, धीर येतो, हे मी नाकारत नाही, आणि तो हात मला तिकडेही उपयोगी पडला. पण तुमच्या हाताकडे बघणारं कोण असतं? कुणीच नाही. तुम्ही खड्डा कसा घेतला, शेजारच्या दाताला बर, म्हणजे ड्रिलचं टोक, लागलं का, भूल किती दिली, हे फक्त तुम्हाला आणि पेशंटला माहीत, आणि पेशंटला कळत नाही.

तिकडे प्रत्येक पायरीला फॅकल्टी येऊन बघते आणि सही करते, त्याशिवाय पुढे जायचं नाही. उदाहरण घ्या, भुलीचं. आपल्याकडे किती क्लिनिकमध्ये ३० मिलीच्या बाटलीतून साध्या सिरिंजमध्ये लिग्नोकेन ओढून देतात, तुम्हाला सांगायला नको. मीही तेच शिकले होते. तिकडे औषध छोट्या बंद नळीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये येतं, एका पेशंटची कार्ट्रिज दुसऱ्याला वापरायची नाही, आणि सुई टोचल्यावर आधी सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का बघायचं, मग औषध सोडायचं. पेशंटच्या वजनावरून जास्तीत जास्त डोस किती ते हिशेब करून दाखवायचं, आणि तो ब्लड प्रेशरच्या गोळ्या घेत असेल तर त्याचं वेगळं. हे सगळं आपल्या पुस्तकात आहे, परीक्षेत लिहूनही आलेले असतो आपण. पण रोज, प्रत्येक पेशंटला, कुणीतरी शेजारी उभं असताना करणं ही वेगळी गोष्ट आहे.

दुसरं, दातांचे नंबर. आपण १४ म्हणतो तेव्हा वरची उजवीकडची पहिली प्रीमोलर, म्हणजे छोटी दाढ. अमेरिकेत दात १ ते ३२ असे सलग मोजतात, तिथे १४ म्हणजे वरची डावीकडची पहिली मोठी दाढ. बाजू वेगळी, दातच वेगळा. सांगा बरं, इथला मुरलेला डॉक्टर थेट तिकडच्या क्लिनिकमध्ये उभा केला, रेफरलच्या कागदावर ‘१४ काढा’ लिहिलेलं आहे आणि तो घाईत आहे, तर? तुम्ही म्हणाल एवढं तर एका दिवसात पाठ होतं. डोक्याला होतं, हो. पण वर्षानुवर्षं एका पद्धतीने लिहिलेला हात दमलेला असताना जुनंच लिहितो. आमच्या बॅचला सगळेच बाहेरून शिकून आलेले, कुणी इजिप्तचं, कुणी कोलंबियाचं, कुणी आपल्यासारखं, आणि सुरुवातीच्या सेमिस्टरला सगळ्यांच्या खुर्चीवर नंबरांचा तक्ता चिकटवलेला होता. त्यात कुणाला लाज वाटली नाही.

आता तुमचे ते प्लास्टिकचे दात. टायपोडॉंटवर, म्हणजे प्लास्टिकचे दात बसवलेल्या नकली जबड्यावर, क्राउनसाठी (दातावर बसवायच्या कॅपसाठी) दात घासून तयार करायचा, मग आधी घेतलेल्या पुट्टीच्या साच्याचा अर्धा भाग दातावर बसवून मधली फट प्रोबने, म्हणजे खुणा असलेल्या बारीक सळईने, मोजायची. कुठे जास्त घासलंय, कुठे कमी, लपवायला जागा नाही. पेशंटच्या तोंडात हे कोण मोजतं? लॅबवाला मॉडेल बघून कुरकुरतो आणि तरी क्राउन बनवून देतो, कारण त्यालाही धंदा करायचाय. मी म्हणते प्लास्टिकच्या दातावर बसवणं हा पेशंटचा मान आहे, आणि डॉक्टरचाही, कारण तिथे चुकलेलं परत करता येतं. आणि ‘पोरांसोबत’? त्या पोरांना मी खूप काही शिकवलंय भाऊ. आमच्या स्कूलच्या क्लिनिकला एक गुजराती काका आले होते, तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नव्हतं, गालाचं आतलं कातडं पांढरं पडलेलं आणि बोट फिरवलं की आत दोऱ्यांसारखे ताठ पट्टे लागत होते. माझ्या क्लिनिकमधल्या अमेरिकन पार्टनरने सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे सुपारीने तोंड आखडत जाण्याचा हा आजार, फक्त पुस्तकात बघितलेला. मी हात लावला आणि सांगितलं, सुपारी. फॅकल्टीने बाकीच्या विद्यार्थ्यांना बोलावून मला समजवायला लावलं. आपल्याकडे २०१२ पासून गुटखाबंदी आहे आणि टपरीवर पुड्या मिळतात, कॉलेजच्या पोरांची तोंडं बंद होताना मी अमळनेरला बघितलीत, म्हणून मला ते ओळखता आलं. मी आपल्याकडच्या डॉक्टरांना कमी लेखते असा जो तुमचा सूर आहे ना, तो कुठून आला तेच मला कळत नाही. तसं वाक्य माझ्या लेखात असेल तर दाखवा.

तुमच्या ज्युनियरबद्दल. ‘पोरगी’, ‘खूळ’. ती बीडीएस आहे ना? म्हणजे डॉक्टर आहे. तिला काय करायचं ते तिला ठरवू द्या. मी अमळनेर सोडताना मलाही अगदी हेच ऐकवलं गेलं होतं, आणि ऐकवणाऱ्यांना माझी काळजी कमी आणि शनिवारी क्लिनिक कोण सांभाळणार याची जास्त होती. तुमचं तसं नसेल, मी तसं म्हणत नाहीये. पण तिने वाचलं म्हणून राग माझ्यावर काढू नका.

फीचं तुमचं म्हणणं मान्य. फी प्रचंड आहे. बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचे मिळून लाख डॉलरच्या वर जातात, राहणं-खाणं वेगळं, शिवाय अर्जांचा खर्च, प्रत्येक कॉलेजचं वेगळं शुल्क, बेंच टेस्टला (प्रवेशाआधी हाताचं काम बघतात ती परीक्षा) विमानाने जायचं आणि त्यानंतरही सीट मिळेलच असं नाही. सगळ्यांना परवडणारं नाही हे, आणि कॉलेजांना यातून पैसा मिळतो हेही खरंय. पण महाग आहे म्हणून निरुपयोगी आहे असं होत नाही, माझं म्हणणं तेवढंच होतं.

राहिली परीक्षा. अमेरिकेत परीक्षा नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं? आयएनबीडीई नावाची आहे, २०२० पासून सुरू झालेली, ५०० प्रश्न, दोन दिवस, आणि बहुतेक स्कूल ती पास असल्याशिवाय अर्जाकडे बघतही नाहीत. शिवाय शिकून झाल्यावर बहुतेक राज्यांत परवान्यासाठी क्लिनिकल परीक्षा. ब्रिटनचं तुम्ही ‘परीक्षा घेऊन मोकळे’ म्हणता, तर त्या ओआरईच्या, म्हणजे बाहेरून शिकलेल्या डेंटिस्टांसाठी तिथे असलेल्या परीक्षेच्या, जागा मिळवताना लोकांच्या नाकी नऊ येतात. कॅनडात आधी ज्ञानाची परीक्षा, मग निर्णयक्षमतेची आणि प्रत्यक्ष हाताच्या कौशल्याची, आणि तिथेही प्लास्टिकचेच दात असतात बरं का. ते रस्ते चांगले की कॉलेजचा, हा मोठा विषय आहे, इथे त्यात शिरत नाही. मी त्या रस्त्याने गेलेले नाही. जे गेलेत त्यांनी खाली जरूर लिहावं, नंदुरबार-धुळ्याकडचे दोघंतिघं वाचक कॅनडात आहेत हे मला माहितीये. भाऊ, तुम्हीही लिहा, कितीही विरोधात लिहा, मी काढून टाकणार नाही. फक्त स्वतःच्या नावाने लिहा, आणि माझ्या घरच्यांना त्यातून बाहेर ठेवा.